रद्द थांब्याचा खांब

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला की कंडक्टर हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात परत यायचे. "बँकेचा होता," म्हणायचे. रोज सकाळी, रविवारीसुद्धा, कुठली बँक फोन करते, हे त्यांना कोणी विचारत नसे. विचारायला घरात होतंच कोण? बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. समोरच्या खोलीतल्या बाई तेवढ्या सकाळी चहाला येत.

या बाई खासगी तपास करत. आधी विमा कंपनीत जळालेली गोदामं बघत फिरल्या, आता लोकांची अडलेली कोडी सोडवत. कंडक्टर त्यांच्यामागे जात, ते काही हुशारी होती म्हणून नव्हे. तीस वर्षं भरल्या बसमध्ये काढलेल्या माणसानं रिकाम्या खोलीत भिंतींशी तरी किती बोलावं?

खरं सांगायचं तर फोन बँकेचा नसायचाच. एकट्या राहणाऱ्यांची रोज चौकशी करणारी एक संस्था होती, तिच्या यंत्राचा असायचा. "सुप्रभात. तुम्ही ठीक असाल, तर एक दाबा." कंडक्टर एक दाबत. चांगला धडधाकट माणूस, आणि रोज हजेरी देतो, हे बाईंना कळलं तर काय म्हणतील, म्हणून सगळी चोरी.

त्या शुक्रवारी ते गॅलरीतून आत आले, तर त्यांच्या खुर्चीत एक तिशीची मुलगी बसली होती. डोळे सुजलेले, मांडीवर लॅपटॉप.

"मी एका माणसाला मारायला निघाले होते का, एवढंच मला कळायला हवंय," ती बाईंना म्हणत होती.

ती नेमक्या त्याच संस्थेचा सर्व्हर सांभाळायची. कंडक्टरांनी गुपचूप दाराजवळचं स्टूल धरलं.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या. "आणि रडायचं असेल तर आधी रडून घे, मधेमधे नको."

सर्व्हरवालीनं नाक पुसलं. यादीत चारशे माणसं होती. यंत्र रोज सगळ्यांना फोन करायचं. कोणी एक दाबलं नाही, तर तीनदा करायचं, मग ऑफिसात घंटा वाजायची आणि जवळच्या नातेवाइकाला धाडलं जायचं. त्या यादीत एक चष्मेवाले काका होते, पूर्वी चष्म्यांचं दुकान चालवणारे. सोमवारी सकाळी ते बाथरूममध्ये घसरून पडले. गुरुवारी शेजारणीनं दाराबाहेर साठलेली वर्तमानपत्रं बघितली, तेव्हा सापडले. जीव होता. आता इस्पितळात होते, पण बोलत नव्हते.

"चार दिवस! आणि घंटा नाही वाजली?" कंडक्टरांच्या तोंडून गेलं.

"यंत्रानं फोनच केला नव्हता. त्यांच्या नावापुढची 'चालू'ची खूण अकरा आठवड्यांपूर्वी कोणीतरी काढलीय. तारीख आहे, पण कोणी काढली ते नाही. कोण आत आलं-गेलं याची नोंद मशीन दोनच आठवडे ठेवतं. संचालक म्हणतात, तुझ्याशिवाय कोणाला जमेल? उद्या अकराला बैठक आहे. मला काढणार, आणि पोलिसांत तक्रार."

"तू काढलीस का खूण?"

"नाही. पण झोपेत काढली असेन का, असं वाटायला लागलंय."

बाईंनी चहा संपवला. "चला कंडक्टर," त्या म्हणाल्या, "मशीन बघू."

मशीन म्हणजे ऑफिसच्या मागच्या कोठीतलं एक काळं खोकं होतं. शेजारी, यंत्र यायच्या आधी हे फोन करणाऱ्या बायका बसत तो हॉल. सहा टेबलं, सहा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. कोणाची तरी शाल अजून एका खुर्चीच्या पाठीवर होती.

"यावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि सगळी यादी ठेवणारा डेटाबेस आहे," सर्व्हरवाली म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज सावरला, जशी आई पोराबद्दल बोलताना सावरते. "दुसरीकडे माणूस मशीनला पायऱ्या सांगतो. आधी हे बसव, मग ते उघड. मी तसं करत नाही. मी एका फाइलीत फक्त लिहिते, मशीन कसं असायला हवं. डेटाबेस चालू हवा. ही एवढी खाती हवीत. हे दार उघडं, बाकीची बंद. तिथपर्यंत कसं पोचायचं, ते त्याचं ते बघतं. दर रविवारी मी फाइलीवरून मशीन पुन्हा रचते. मधे कोणी हातानं काही ढवळलं असेल, तर जातं."

"म्हणजे फाइल म्हणेल ती पूर्व दिशा."

"अगदी! फाइलीत नाही ते मशीनवर नाही."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "खात्यांच्या ओळी वाचून दाखव. आहेत तशा."

तिनं वाचलं. खाती तीन होती. पहिलं यंत्राचं, त्याला फक्त हजेरी लिहिता येई. दुसरं संचालकांचं, त्यांना नुसतं वाचता येई. तिसरं तिचं, तिला सगळं करता येई. "प्रत्येक ओळीचा अर्थ एकच," ती म्हणाली. "हे खातं असल्याची खात्री कर, नसेल तर बनव."

"आणि ही लाल ओळ?"

"खोडलेली. फाइलीत काय कधी बदललं, सगळं राहतं. हे हॅलोताईंचं खातं. फोन करणाऱ्यांतल्या त्या शेवटच्या. त्यांच्या मोबाइलवर यादी उघडायची, कोणी चार दिवस बाहेरगावी गेलं तर खूण काढता यायची. सहा महिन्यांपूर्वी यंत्र आलं, त्या गेल्या, त्याच दिवशी मी ओळ काढली. बाकीच्या पाचजणी हा सर्व्हर यायच्या आधीच गेल्या होत्या."

हॅलोताई हे नाव ऐकून कंडक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

"ओळ काढल्यावर खातं गेलं, हे तपासलंस?" बाईंनी विचारलं.

"तपासलं ना! कुठलाही बदल मी आधी चाचणीच्या मशीनवर करून बघते. हे बघा, लॅपटॉपमध्येच आहे. बटण दाबलं की फाइलीवरून कोरं करकरीत उभं राहतं, काम झालं की पुसून टाकते. त्यावर खातं नव्हतं."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांचा तो 'हं' कंडक्टरांना ओळखीचा होता. त्यातून कधी काही कळलं असेल तर शपथ.

संचालक शेजारच्या खोलीत पत्रावर सही करत होते. पत्र कोणाचं, ते सांगायला नको.

"माझं खातं वाचायचं आहे," ते म्हणाले. "मला साधं नावातलं चुकलेलं अक्षर बदलता येत नाही, तिला विचारा. खोट्या घंटा मात्र फार वाजायच्या पूर्वी. तीन महिन्यांपासून जरा कमी झाल्या. मला वाटलं, लोक शिकले."

"चांगली बातमी कोणी उलटून बघत नाही," बाई म्हणाल्या.

इस्पितळाच्या पायरीवर काकांचा भाचा भेटला. जाडजूड, दाढी वाढलेला, रागावलेला. राग कोणावर, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"हो, मीच वैतागलो होतो! मामा निम्मे दिवस एक दाबायचाच नाही. म्हणायचा, माणूस बोलला तर बोलेन, डबड्याशी काय बोलायचं? मग घंटा, मग मला फोन, मी कामावरून धावत जायचो, तर हा मजेत पेपर वाचत बसलेला! आठवड्यातून तीनदा! शेवटी मी म्हटलं, आणखी एकदा पळवलंस तर सरळ वृद्धाश्रमात नेऊन ठेवीन. संस्थेलाही सांगितलं, नाव काढा. ते म्हणाले, तसं काढता येत नाही."

"आणि मग?"

"मग थांबलं आपोआप. झाले की अडीच-तीन महिने. मला वाटलं, म्हातारा वठणीवर आला." त्यानं तोंड फिरवलं. "मी त्यानंतर एकदाही गेलो नाही. बोलावणं आलं नाही, म्हणून गेलो नाही."

काकांच्या शेजारणीला मात्र बोलायला माणूस हवंच होतं. "पेपर पाच मिनिटं उशिरा आला तरी तक्रार करणारा माणूस हो! पण सकाळी साडेसातला त्यांचा तो जुना तारेचा फोन वाजला, की खुशीत. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. रविवारी वाजला होता. सोमवारी नाही वाजला. माझी पोळ्या टाकायची वेळ त्या फोनवर ठरायची, म्हणून लक्षात."

"साडेसातला? परवाच्या रविवारपर्यंत?"

"रोज."

जिन्यात कंडक्टर म्हणाले, "म्हणजे यंत्र करत होतं फोन!"

"तुम्हाला यंत्राच्या फोनवर कधी हसू आलंय, कंडक्टर?"

कंडक्टर उगाच पायऱ्या मोजायला लागले. पण बाई पुढे निघूनही गेल्या होत्या.

हॅलोताईंचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. साठीची बारीक बाई, अंगावर चादर, ओठ सुकलेले. खोलीत औषधाचा वास होता. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. त्यावर रविवार होता.

"आम्ही संस्थेकडून आलोय," बाई म्हणाल्या. "यादीतल्या एका गृहस्थांबद्दल बोलायचं होतं."

"जिवंत आहेत ना?" हॅलोताईंनी दाराची चौकट धरली.

"आहेत. इस्पितळात."

त्या मटकन खाली बसल्या. कंडक्टरांनी पुढे होऊन पाणी दिलं. "सावकाश, ताई," ते म्हणाले.

हॅलोताईंनी मान वर केली. "डेपोवाले? तुम्ही कंडक्टर का हो?"

सहा वर्षं, रोज सात वीसला, हा आवाज कंडक्टरांनी ऐकला होता. 'हॅलो! उठलात, की गाडी अजून डेपोतच?' गुडघेदुखी, बायकोचं वर्षश्राद्ध, गळका नळ, सगळं त्या आवाजाला माहीत होतं. चेहरा आज पहिल्यांदा बघितला. हा असा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कसा असेल, तेही कधी वाटलं नव्हतं. बाईंसमोर काय बोलणार? "हो," एवढंच म्हणाले.

बाईंनी दोघांकडे बघितलंच नाही. त्यांनी कॅलेंडर बघितलं, उशाशी पडलेला मोबाइल बघितला. "उद्या अकराला ऑफिसात येता येईल? गाडी पाठवते," एवढं बोलून त्या निघाल्या.

परत येताना दोघं गल्लीच्या तोंडाशी उतरले. वळणावर गंजका बसथांबा होता, आणि पिशवी घेतलेले एक आजोबा त्याखाली उभे होते.

"आजोबा, इथे बस थांबत नाही!" कंडक्टर ओरडले, आणि मग बाईंना म्हणाले, "चार वर्षांपूर्वी वेळापत्रकातून हा थांबा काढला. कागदावरून नाव गेलं, पण खांब कोण काढणार? खांब काढा, असं कुठल्या कागदावर लिहिलंय? नव्या मार्गावर असा खांब नाही, कारण तिथे तो कधी नव्हताच. इथे होता, म्हणून आहे. लोक येतात बिचारे, उभे राहतात."

बाई थांबल्या. "कंडक्टर," त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत तुम्ही इतकं शहाणं वाक्य कधी बोलला नसाल."

"म्हणजे काय केलं मी?"

"उद्या सांगते."

शनिवारी अकराला रिकाम्या हॉलमध्ये सगळे जमले. संचालक पत्र घेऊन, भाचा हाताची घडी घालून, सर्व्हरवाली पांढरीफटक. हॅलोताई येऊन त्या शालीच्या खुर्चीवर बसल्या आणि शाल अंगावर घेतली.

"माझ्याकडे प्रश्न दोन होते," बाई म्हणाल्या. "नाव कोणी काढलं, आणि काढल्यावर काकांनी तक्रार का नाही केली? पेपरला पाच मिनिटं उशीर झाला तर भांडणारा माणूस अकरा आठवडे गप्प कसा? कारण त्याचा फोन बंद झालाच नव्हता. रोज साडेसातला वाजत होता, आणि त्यावर ते हसत होते. यंत्र कोणाला हसवत नाही. म्हणजे ज्यानं यादीतून नाव काढलं, त्यानं तो फोन स्वतःच्या अंगावर घेतला."

"मी नाही घेतला," भाचा म्हणाला.

"तू घेतला असतास तर फार बरं झालं असतं. तुला फोन नको होते, आणि इथे तर फोन चालूच राहिला. शिवाय तुला खातं नाही. साहेबांना खातं आहे, पण नुसतं वाचायचं. राहिली ही मुलगी. ती चारशेतल्या एकालाही ओळखत नाही. ती काकांशी रोज काय बोलून हसणार?"

"मग उरलं कोण?" संचालक म्हणाले. "फाइलीत तीनच खाती आहेत."

"फाइलीत," बाई म्हणाल्या. "मुली, आज फाइलीला नको विचारू. त्या खोक्यातल्या डेटाबेसलाच विचार, तुझ्याकडे खाती किती."

सर्व्हरवालीनं एक ओळ टाइप केली. मग पडद्याकडे बघत राहिली.

"चार," ती म्हणाली. "हॅलोताईंचं आहे. पासवर्डसकट आहे. पण मी ओळ काढली होती! मी तपासलं होतं!"

"कुठे तपासलंस? दर वेळी कोरंच जन्मणाऱ्या मशीनवर. त्यावर ते खातं कधी नव्हतंच, मग दिसेल कसं? हे मशीन जुनं. रविवारी तू भिंती पुन्हा रचतेस, पण डेटाबेसच्या पोटातलं सामान तसंच राहतं, राहायलाच हवं, नाहीतर यादीच जाईल. खातीही त्याच पोटात आहेत. तुझ्या ओळीचा अर्थ तूच सांगितलास: असल्याची खात्री कर, नसेल तर बनव. ओळ काढलीस, म्हणजे तू खात्री करायची थांबलीस. नसू दे, असं कुठे लिहिलंस? कंडक्टरांच्या भाषेत सांगायचं, तर थांबा वेळापत्रकातून गेला, खांब तसाच राहिला."

सर्व्हरवालीनं पडद्यावरची चौथी ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"आणि सोमवारीच फोन का थांबला? कारण करणाऱ्या बाई रविवारी रात्रीपासून तापानं फणफणल्या होत्या. कॅलेंडरचं पान फाडायला उठता आलं नाही, तर फोन कुठून करणार? मी काल फक्त 'एका गृहस्थांबद्दल' म्हणाले. त्यांनी 'कोण' असं विचारलंच नाही. 'जिवंत आहेत ना', एवढंच विचारलं. त्यांच्यासाठी एकच गृहस्थ होते."

हॅलोताई शालीच्या दशा चाळवत होत्या. "मी काढलं नाव," त्या म्हणाल्या. "इथून गेल्यावर निरोप घ्यायचा राहिला म्हणून मी त्यांना फोन केला होता. म्हणाले, हे डबडं बोलतं, मी दाबत नाही, आता भाचा मला वृद्धाश्रमात टाकणार. मोबाइलवर यादी उघडते का बघितलं. उघडली. खूण काढली. वाटलं, एका माणसाला फोन करणं काय जड आहे? दिवसातलं तेवढं एकच काम होतं मला." त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. "मी आजारी पडेन, हे डोक्यातच आलं नाही हो. त्यांना विचारायला मी होते. मी उठले नाही हे बघायला कोणीच नव्हतं."

भाच्यानं घसा खाकरला. "मामा आज सकाळी बोलला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिलं वाक्य काय, तर 'आज फोन नाही का आला?'"

संचालकांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. तक्रारीचं पुन्हा कोणी काढलं नाही. सर्व्हरवाली मात्र स्वतःला सोडायला तयार नव्हती. "चूक माझीच," ती म्हणाली, आणि तिथेच बसून फाइलीत नवा नियम लिहिला: दर रविवारी डेटाबेसमधली खाती फाइलीशी ताडून बघायची, फाइलीत नसेल ते बंद. शेवटचं बटण दाबण्याआधी ती थांबली आणि संचालकांकडे बघितलं. "अधूनमधून एक न दाबणारे आणखी एकोणीस जण आहेत, सर. त्यांना फोन करायला माणूस लागेल."

संचालकांनी सहा रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "लिही," ते म्हणाले. तिनं हॅलोताईंची लाल ओळ पुन्हा काळी केली.

सगळे उठले, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या कंडक्टरांना राहवलं नाही. बाई ऐकत होत्या, संचालक ऐकत होते. ऐकू देत.

"ताई, माझं नाव का नाही काढलंत?"

हॅलोताईंनी शाल पुन्हा खुर्चीच्या पाठीवर ठेवली. "तुम्ही पहिल्या दिवसापासून एक दाबत होतात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माणूस नसला तरी चालतं."

रविवारी सात वीसला फोन वाजला. बाई समोरच चहा घेत बसल्या होत्या. कंडक्टर उठायला लागले आणि पुन्हा बसले. तिथेच, त्यांच्यासमोर, त्यांनी एक दाबलं.

"बँक वेळेची पक्की आहे हो," बाई कपातच बघत म्हणाल्या. "वर्षभर बघतेय."

कंडक्टरांचे कान तापले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साडेसात झाले, तेव्हा खिशातून हॅलोताईंनी काल दिलेली चिठ्ठी काढून त्यावरचा नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली.

"हॅलो?"

"उठलात?" कंडक्टर म्हणाले. "की गाडी अजून डेपोतच?"

पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

"उठले," हॅलोताई म्हणाल्या.

"कॅलेंडरचं पान फाडलंत का?"

"नाही अजून. थांबा, फोन ठेवू नका."

कंडक्टर थांबले. पावलं दूर गेल्याची ऐकू आली, आणि मग एकामागून एक सात पानं फाडल्याची.